दूध बाधलं नव्हतं

आमच्या सोसायटीत माझ्याइतका चांगला बाप दुसरा नव्हता. हे माझं मत नाही, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बायकांचं. "नशीबवान आहे हो तुमची मिसेस," असं त्या म्हणायच्या आणि मी चपलांकडे बघत हसायचो. मुलगी सहा महिन्यांची झाल्यापासून तिची सकाळची आंघोळ, अंग टिपणं, मलम, कपडे, सगळं माझ्याकडे होतं. कोथरूडात पुरुषानं एवढं केलं की त्याला ओवाळायचंच काय ते बाकी ठेवतात. नोकरी सांभाळून बाकीचा सगळा वेळ माझी बायको तेच करत होती, पण तिला लिफ्टमध्ये कुणी नशीबवान नवरा-बिवरा सोडून दुसरं काही बोललं असेल तर ते एवढंच: "गालांना काय झालंय हो बाळाच्या? तुमच्या खाण्यात काही आलं का?"

त्या मुलीला मी मलम लावत नव्हतो. पाच महिने लावलं नाही. लावतो म्हणून सांगितलं, रोज, तोंडावर.

हे लिहायला मला नऊ वर्षं लागली आणि लिहून झाल्यावर हलकं वगैरे काही वाटलेलं नाही. राग आला आहे. तो आधीही होता, पण तेव्हा मी तो इतरांवर वाटून टाकत होतो. आईवर थोडा, लिफ्टमधल्या बायकांवर थोडा, डॉक्टरांवर थोडा. स्वतःसाठी फारसा उरत नसे.

तिसऱ्या महिन्यात मुलीचे गाल लाल व्हायला लागले. आधी आम्हाला ते गोड वाटलं. मग ते खरखरीत झाले, मग कपाळ, मग हातांची बाहेरची बाजू, मग पोटऱ्या. ती गाल चादरीवर घासायची. हातात मोजे घातले तर तोंडानं ओढून काढायची. तेव्हा मालिश करायला एक बाई येत होती. तिनं साय आणि डाळीचं पीठ चोळून आंघोळ घातली, आणि दुसऱ्या दिवशी पोरीचं अंग भाजल्यासारखं दिसायला लागलं. बाईंना नमस्कार केला आणि बायकोची रजा संपायच्या आदल्या दिवशी मुलीला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

"इसब आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुष्कळ बाळांना होतं. हिची त्वचा जात्याच कोरडी आहे, ओल धरून ठेवत नाही. यात कुणाची चूक नाही."

"कुणाचीच नाही ना?" बायकोनं विचारलं.

"कुणाचीच नाही."

मग सूचना. पाणी कोमट, आंघोळ पाच मिनिटांत उरकायची. साबण नको, पीठ नको. अंग चोळायचं नाही, नुसतं टिपायचं आणि ओलसर असतानाच जाड क्रीम लावायचं. लाल चट्ट्यांवर मात्र आधी हे मलम, पातळ, दिवसातून एकदा. "यात सौम्य स्टेरॉइड आहे," त्या म्हणाल्या. "घाबरू नका. मी सांगते तेवढंच आणि तेवढेच दिवस लावलं तर काही होत नाही. अर्धवट केलंत तर मात्र बरं होणार नाही."

बायकोनं सगळं लिहून घेतलं. मी स्टेरॉइड या शब्दाच्या पुढचं काही ऐकलंच नव्हतं.

माझ्या वडिलांचे सांधे दुखायचे. ओळखीतल्या एकानं कुठल्याशा वैद्याकडून कागदात बांधलेल्या गोळ्या आणून दिल्या. आठवड्यात दुखणं थांबलं. वडील चार वर्षं त्या गोळ्या घेत राहिले. चेहरा ताटलीसारखा गोल झाला, हाताची कातडी इतकी पातळ की घड्याळाचा पट्टा काढताना सोलून यायची. एकदा न्हाणीघरात नुसते वळले आणि मांडीचं हाड मोडलं. गोळ्यांत काय होतं ते तेव्हा कळलं. वडील पुन्हा उठले नाहीत. आमच्या घरात याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बायकोला एवढंच माहीत होतं की सासरे पडायचं निमित्त होऊन गेले.

त्या भीतीची मला लाज नाही. पण त्या संध्याकाळी चहा पिताना मी बायकोला म्हणू शकलो असतो की मला या औषधाची धास्ती वाटते, माझ्या वडिलांचं असं असं झालं. ती म्हणाली असती, चल, डॉक्टरांना विचारून येऊ. दहा मिनिटांचं काम होतं. आमच्या घरात तसं बोलत नाहीत. आमच्यात "बघू" म्हणतात. पटलं नाही तरी बघू, करायचं नसलं तरी बघू. समोरच्याचं शांतपणे ऐकून घ्यायचं, मान हलवायची, आणि पाठीमागे आपल्याला हवं तेच करायचं. याला आम्ही सुसंस्कृतपणा म्हणतो आणि जे मोठ्यानं बोलतात त्यांना नावं ठेवतो.

बायकोची नोकरी हडपसरला. कंपनीची बस तिला सकाळी सव्वासातला चौकातून घ्यायची. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, आणि माझे तास दुपारचे; तेवढा वेळ मुलगी घरी माझ्या आईकडे असे. तिची रजा संपल्यावर सकाळ माझ्याकडे आली, आणि पहिल्याच सकाळी मी वाटाण्याएवढं मलम ट्यूबमधून काढलं आणि बेसिनमध्ये पुसून टाकलं. त्याच्या जागी चट्ट्यांवर खोबरेल लावलं, वरून क्रीम.

बेसिनमधलं मलम पाण्यानं जात नाही. तेलकट पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवतो. ते वर्तमानपत्राच्या तुकड्यानं पुसावं लागायचं आणि तो तुकडा कचऱ्यात तळाशी घालावा लागायचा. ट्यूब रोज थोडी थोडी कमी झाली पाहिजे, म्हणून मी रोज न विसरता काढायचो. रविवारीसुद्धा, बायको घरात असताना, न्हाणीघराचं दार लोटून. आयुष्यात दुसरं कुठलंही काम मी इतक्या शिस्तीनं केलेलं नाही.

संध्याकाळी ती आली की पर्स खाली ठेवायच्या आधी विचारायची, "मलम लावलंस?"

"हो."

"पातळ ना?"

"हो गं. किती वेळा विचारशील."

पंधरा दिवसांनी डॉक्टरबाईंनी गाल बघितले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "नीट लावताय ना?"

"हाच लावतो रोज," बायको माझ्याकडे बघून म्हणाली. तिला माझं कौतुक वाटत होतं. "एक दिवस चुकवत नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी एक पायरी वरचं मलम लिहून दिलं. तेही बेसिनमध्ये गेलं. महिन्याभरानं त्या जरा विचारात पडल्या. इतकं करून फरक पडत नाही म्हणजे दुसरं काही असू शकेल. "क्वचित आईच्या आहारातल्या दुधामुळे वाढतं," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे दूध-दही बंद करून बघा. फरक पडला नाही तर पुन्हा सुरू करा. उगाच उपाशी राहू नका."

औषध लागू पडत नाही असं समजून त्या बिचाऱ्या पुढचं कारण शोधत होत्या. औषध मुलीच्या अंगाला लागलंच नव्हतं. त्या खुर्चीत बसून मी एक वाक्य बोललो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. मी छत्री कुठे ठेवली ते बघत होतो.

तीन आठवड्यांचं पथ्य माझ्या आईच्या हातात गेलं आणि संपेचना. दूध-दह्यापाठोपाठ शेंगदाणे गेले, मग अंडं, वांगं, टोमॅटो, हरभऱ्याची डाळ, आंबट म्हणून जे जे काही असेल ते. "आमच्या वेळी अंगावर पाजणाऱ्या बाईचं तोंड असं चालत नसे," आई म्हणायची. "तोंडावर ताबा नसला की ते लेकराच्या अंगावर उठतं." बायको ऐकून घ्यायची. शिकलेली, कमावती, एरवी कुणाला एक शब्द जास्त बोलू न देणारी बाई, पण मुलीची खाज थांबणार असेल तर ती माती खाऊन राहिली असती. डब्यात भाकरी आणि दुधीभोपळा, महिनोन्‌महिने. केस मूठमूठ गळायला लागले. कंपनीच्या बसमध्ये एकदा चक्कर येऊन पडली. घरी आल्यावर म्हणाली, "कुणाला सांगू नकोस, आई म्हणतील नाटक." मी सांगितलं नाही. न सांगणं मला छान जमतं.

दिवाळीच्या पाडव्याला तिच्या माहेरून श्रीखंडाचा डबा आला. तिनं बोटभर चाटलं, माझ्यासमोरच, चोरी केल्यासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचे गाल फुटले होते, त्यातून पाणी येत होतं. त्या दिवशी बायकोची सुट्टी होती. मी मुलीला आंघोळ घालून टॉवेलात धरली होती. बायको समोर जमिनीवर बसली, तिनं मुलीचे दोन्ही तळवे स्वतःच्या गालांवर धरले आणि म्हणाली, "चुकलं गं माझं. आईनं खाल्लं. पुन्हा नाही खाणार."

मी म्हणालो, "जाऊ दे. होतं असं."

म्हणजे मी तिला माफ केलं. मलम बेसिनमध्ये टाकून पाच मिनिटं झाली होती, आणि मी तिला बोटभर श्रीखंडाबद्दल मोठ्या मनानं माफ केलं.

मुलगी अकरा महिन्यांची असताना गालांवर पिवळी खपली धरली आणि अंग तापलं. खाजवून झालेल्या जखमांत जंतुसंसर्ग झाला होता. रुग्णालयात ठेवावं लागलं. तिथे प्रतिजैविकं सुरू झाली, आणि इसबाचं मलम नर्स लावायला लागल्या. पोरीच्या अंगाला ते पहिल्यांदाच लागत होतं. त्याच दिवशी बायको मला म्हणाली, "माझं दूध विष आहे तिला. मी आजपासून पाजणार नाही."

"बघू," मी म्हणालो.

"बघू काय? बघण्यासारखं काय उरलंय?"

तिनं पाजणं एका दिवसात तोडलं. छाती दगडासारखी झाली, तिलाच ताप भरला. कुणीतरी सांगितलं म्हणून ती ब्लाउजच्या आत कोबीची पानं ठेवून बसायची आणि सहन होईनासं झालं की खोलीतल्या मोरीशी जाऊन दूध पिळून टाकायची. पलीकडे कॉटवर मुलगी तिच्याकडे हात पसरून रडायची. मी मुलीला कडेवर घेऊन व्हरांड्यात फिरायचो. येणारेजाणारे म्हणायचे, बाप किती करतो बघा.

चौथ्या दिवशी गाल निवळले. कातडीचा खरा रंग आम्ही कितीतरी महिन्यांनी बघत होतो. "औषध छान लागू पडलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या गेल्यावर आई म्हणाली, "औषध कसलं. दूध तोडलं म्हणून." आणि बायकोला आईचं खरं वाटलं. का वाटू नये? तिच्या समजुतीप्रमाणे मलम पाच महिने चालूच होतं, प्रतिजैविकं जखमांसाठी होती, इसबापुरतं नवीन फक्त दूध बंद झालं होतं. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही, असं मी मुलांच्या वह्यांत लाल शाईनं लिहितो. त्या खोलीत इसबापुरत्या दोन गोष्टी बदलल्या होत्या, आणि हे मला एकट्याला माहीत होतं.

घरी आल्यावर मी मलम लावायला लागलो. सांगितलं तेवढंच, तेवढेच दिवस. कातडी पातळ झाली नाही, चेहरा गोल झाला नाही. दोन-तीन वर्षं थंडीत कोपरांच्या खोबणीत थोडं उठायचं, मग तेही गेलं. आज तिचे हात बघून कुणाला खरं वाटणार नाही.

गेलं नाही ते बायकोचं. ती दुसऱ्या मुलाला नाही म्हणाली. "माझ्या अंगातच काहीतरी आहे, पुन्हा एका जिवाला त्रास नको." मी समजूतदारपणे मान डोलावली. पुढे ती गोष्ट घरात सांगायची गोष्ट झाली. कुणाकडे बाळंतपण झालं की आई ती सांगायची, मग बायको स्वतःच हसत सांगायला लागली, आणि मुलगी मोठी झाल्यावर भांडणात आईला ऐकवायला लागली, "मला तू लहानपणापासूनच बाधतेस." सगळे हसायचे. मीही.

गेल्या महिन्यात एका रविवारी माझी भाची चार महिन्यांच्या बाळाला घेऊन आली. हडपसरला असते. आमची मुलगी तेव्हा खाली खेळायला गेली होती. बाळाचे गाल मी दारातच ओळखले.

"मामी, बघ ना गं हे. डॉक्टरांनी मलम दिलंय, पण सासरी सगळे म्हणतात स्टेरॉइड आहे, लावू नकोस."

"दूध बाधत असेल," आई सोफ्यावरून म्हणाली. "हिचं नाही का बाधलं."

बायकोनं बाळाला मांडीवर घेतलं, गालांवरून बोटाची मागची बाजू फिरवली. "मलमानं काही होत नाही गं. आम्ही पाच महिने लावलं, एक दिवस न चुकवता. तू दूध तोड. मी उशीर केला, तू करू नकोस."

"अगं, चारच महिन्यांचा आहे तो." भाचीचा आवाज बदलला. "दुसरं काही नाहीच का?"

"मला माहीत आहे काय होतं ते. सोसायचं. आठ दिवसांत दूध आटतं."

भाची रडायला लागली आणि बायको तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. ज्या दुःखाचं कारणच खोटं होतं, ते ती अनुभव म्हणून पुढच्या मुलीच्या पदरात घालत होती.

"तोडू नकोस," मी म्हणालो. "मलम मी लावलं नव्हतं."

"कधी?" बायकोनं विचारलं.

"कधीच नाही. दवाखान्यात नेईपर्यंत एकदाही नाही. बेसिनमध्ये टाकत होतो."

 मग आई म्हणाली, "काहीतरीच काय. आणि असेल तर असेल. मुलगी बरी झाली ना? कशाला जुनं उकरतोस पाहुण्यांसमोर."

माझा नऊ वर्षांचा राग बाहेर यायला ती जागा सोयीची होती. मी आईवर ओरडलो. तू तिला खाऊ दिलं नाहीस, तू तिला चटोर ठरवलंस, असं बरंच काही.

"त्यांच्यावर ओरडू नकोस," बायको म्हणाली, आवाज न चढवता. "त्या जे बोलल्या ते माझ्या तोंडावर बोलल्या."

मग तिनं बाळ भाचीकडे दिलं. "पाज त्याला, भुकेजलाय. दूध तोडायचं नाही. उद्या डॉक्टरांकडे जाऊन मलमाचं नीट विचारून घे, आणि स्वतःच्या हातानं लाव. घरात दुसऱ्या कुणावर सोपवू नकोस."

चार दिवस ती माझ्याशी दूधवाला आणि शाळेची व्हॅन एवढ्यापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी संध्याकाळी समोर येऊन बसली आणि तिनं विचारायला सुरुवात केली. किती टाकायचास, कुठल्या कागदानं पुसायचास, मी घरात असताना पण? मी एकेक सांगितलं. वडिलांच्या गोळ्यांचंही सांगितलं.

"मग हे तेव्हा बोलायला काय झालं होतं? मी ऐकलं नसतं असं वाटलं तुला?"

"नाही. ऐकलं असतंस. मग आपण डॉक्टरांकडे गेलो असतो, त्यांनी समजावलं असतं, आणि मला ते लावावं लागलं असतं."

हे मी स्वतःलाही आधी कधी सांगितलं नव्हतं. मला कुणी समजावायलाच नको होतं.

 "माफ वगैरे मी करणार नाही," ती म्हणाली. "उशिरा का होईना सांगितलंस, असंही म्हणणार नाही. त्या बाळासाठी बोललास. माझ्यासाठी बोलला नाहीस. आणि आता ते मुलीला सांग. मी सांगणार नाही, मी पुष्कळ सांगितलंय तिला."

शनिवारी दुपारी मुलगी जेवणाच्या टेबलावर शाळेचा तक्ता रंगवत होती. मी शेजारी बसलो आणि सांगितलं, तिला समजेल असं, पण काही न गाळता. ती रंगवायची थांबली नाही.

"म्हणजे मला खाज यायची ती तुझ्यामुळे?"

"खाज इसबामुळे. ती थांबली नाही ती माझ्यामुळे."

"आणि आईचं दूध?"

"आईच्या दुधात काहीच नव्हतं. चांगलं होतं ते."

"मग मी पीत का नव्हते?"

"पीत होतीस. तुला हवं होतं. आईला वाटलं त्यानं तुला त्रास होतो, म्हणून तिनं बंद केलं. मी तिला खरं सांगितलं नाही."

तिनं खडू खाली ठेवला. ती माझ्यावर चिडेल, रडेल, असं मला वाटत होतं आणि खरं तर मला ते हवं होतं. पण माझ्याकडे न बघता ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. बायको तिथे कणीक मळत होती.

"आई, बाबा म्हणतो तुझं दूध चांगलं होतं."

परातीचा आवाज थांबला.

"हो," बायको म्हणाली. "मलाही याच आठवड्यात कळलं."